शीतगृह नंबर तीन, तासगाव

बाहेर मेचं ऊन. आत बेदाण्याच्या पेट्या,
आणि मी, स्वेटरावर स्वेटर,
नळ्यांवरचा बर्फ लाकडी मोगरीनं ठोकत.
एकदा नळी फुटली. अमोनियानं
दस्तगीरचे डोळे गेले होते दोन दिवस.
परत आले.

मयुरी सणगर कॉलेजातून आली, हातात डबा.
डब्यात चिंचोक्याची पूड, द्राक्षांचा चोथा,
होस्टेलच्या मेसमधली उरलेली पेज.
म्हणाली, नळीला लावते, पातळ.
मी हसलो. उष्टं लावणार लोखंडाला?

ती नाही हसली.
आजा म्हसवडला घोंगडी विणायचा, म्हणाली.
चिंचोक्याची खळ दिली
की पाणी वरच्या वर निथळतं,
मेंढरांमागं रात्र निघते.

पहिला लेप गळून पेट्यांवर पडला.
दुसऱ्याला बुरशी. मालक म्हणाला,
नळ्यांचं लोणचं घालताय काय?
तिसऱ्यात काय घातलं ते तिनं सांगितलं नाही,
वास मात्र हळदीचा होता.

आज एकविसावी रात्र.
डावीकडच्या नळ्या कापसागत पांढऱ्या.
उजवीकडं, फक्त चार हात,
बर्फ धरतो खरा,
पण बोट लावलं की सरकतो,
तेलकट ताटातनं भात सरकावा तसा.

मोगरी कोपऱ्यात उभी.
मी तिच्याकडं बघत नाही.

सकाळी घरी ताट पुसून जेवलो.
बायको म्हणाली, लईच भूक लागलेली दिसते.
आमटीतले चिंचोके टाकले नाहीत.
धुतले, आणि सदऱ्याच्या खिशात ठेवले.