मागील पानावरून पुढे

झालियाताला ते क्रियापद आधीच ठाऊक होतं.
रकोंद्वीर.
मायोतच्या धक्क्यावर शिकली होती ती,
एकोणिसाव्या वर्षी.
भावाला दोन शिपायांनी होडीत बसवलं,
आला तसा परत, हद्दीपलीकडे,
आणि कागदावर हाच शब्द होता.

म्हणून मार्सेयमध्ये, जून सरता सरता,
शाळेच्या भोजनघरात खुर्च्या टेबलांवर उलट्या घालून झाल्यावर
नगरपालिकेचं पत्र फोडलं,
तेव्हा तिची नजर थेट तिथेच गेली.
शब्दाच्या अगोदर नकार होता.
फ्रेंच नकार दोन तुकड्यांत येतो,
एक अलीकडे, एक पलीकडे,
मध्ये दंडाला धरल्यासारखं बिचारं ‘होईल’.

नाही पाठवणार!
ती एकटीच हसली, ओल्या हातांनी.
कोपऱ्यावरच्या बेकरीतून बिस्किटं घेतली डझनभर,
संत्र्याच्या फुलांच्या वासाची,
होडीच्या आकाराची,
आणि तळमजल्यावर ओर्सोनींचं दार वाजवलं.
तिचे कागद तेच वाचून देतात.

ओर्सोनींनी चष्मा लावला. काढला. सदऱ्याला पुसला.
उचललेलं बिस्कीट परत पुड्यात ठेवलं.
“हा शब्द,” म्हणाले, “करारालाही लागतो.
मुदत संपली की मागील पानावरून पुढे चालू,
त्याला हेच क्रियापद.
कधी कधी तर आपोआप होतं,
दोघांपैकी कोणीच काही बोललं नाही की.”

“मी कुठे काही बोलले?
चार वर्षं. रोजची तीनशे ताटं.
एक शब्द नाही.”

मग बराच वेळ नुसता नळ ठिबकत होता.

भावाच्या वेळी हवा होता हा नकार.
तेव्हा नव्हता.
आता आलाय, दोन्ही तुकडे शाबूत.

ती उठली तसे ओर्सोनीही उठले,
पायानेच सपाता चाचपत.
“बसा हो, तुमचे गुडघे…”
पण ते दारापर्यंत आले,
दारातून जिन्यापर्यंत,
कठडा धरून वर तीन पायऱ्या.
“पाहुण्याला असं पोचवायला यायचं,
त्यालाही हेच म्हणतात,” धापा टाकत म्हणाले.
“माझ्या आईला एवढाच अर्थ माहीत होता.”

“येते,” ती म्हणाली.

पुडा टेबलावरच राहिला होता.
बाराही तशीच.