सात कमी

मेल वॉर्ड, खाट क्रमांक अकरा.
रंगनाथ गायधनी, वय एक्क्याऐंशी, राहणार पळसे.
खुब्याचं हाड मोडलं, प्लेट बसवली,
ऑपरेशन छान झालं असं सगळेच म्हणाले,
आणि तिसऱ्या दिवसापासून
ते आमच्यात नाहीत.

संध्याकाळी डॉक्टर आले, तरुण, घाईत.
आज वार कोणता, बाबा?
– पगाराचा.
गाव कोणतं हे?
– गेटाच्या आतलं.
तीन शब्द सांगतो, लक्षात ठेवा:
पेरू, कुलूप, नदी.
आता सांगा, शंभरातून सात गेले, किती राहिले?

इथे म्हातारा उठून बसायला गेला
टाके, सलाईन, लघवीची नळी, सगळं विसरून.
सात कमी?
मग कुणी हलायचं नाही.
दार लावा. डबे उघडा. खिसे उलटे करा.
सात सापडेपर्यंत
एक माणूस घरी जाणार नाही.

डॉक्टरांनी लिहिलं: उत्तर असंबद्ध.

मुलगी, शैला, दाराशी उभी होती.
म्हणाली, सिस्टर, बत्तीस वर्षं प्रेसमध्ये होते,
नोटांचे ताव तपासायला.
एक ताव कमी पडला की अख्खा हॉल थांबायचा.
आम्ही घरी ताटं मांडून बसायचो,
आई म्हणायची, जुळलं नसेल आज.
मग तीही गेली, सिन्नरच्या शेवटच्या बसने.

रात्री दीडला त्यांनी सुई उपसली.
मी हात बांधले.
इथे लिहिते, कारण रजिस्टरमध्ये
मी फक्त ‘रुग्ण शांत’ लिहिलं.
गॉजची पट्टी, खाटेचा कठडा, सैलशी गाठ.
ते गाठीकडे बघत राहिले
आणि म्हणाले, चोर समजलात का मला?
इतक्या हळू
की बारा नंबरची झोपही चाळवली नाही.

तीनला सोडले.
दुसरं काय देणार हातात?
कपाटात कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा होता,
डॉक्टरांचा, तोच, स्मरणशक्ती तपासायचा.
म्हटलं, बाबा, एवढे मोजायचे राहिलेत.

अंगठा जिभेला लागला.
बोटांचं थरथरणं थांबलं असं नाही,
थरथरीचाच ठेका धरून ती मोजू लागली.
एकेक कागद ट्यूबलाइटपुढे धरायचा,
उलटा, सुलटा, कड कडेला लावून खाली.
बाहेरून मालगाडी गेली, काचा वाजल्या,
आकडा हलला नाही.

त्र्याण्णव, म्हणाले. सात कमी.
आणि हे सगळे बाद.
का हो?
सहावा नाही.

पाहिलं.
पाचव्या प्रश्नाखाली थेट सातवा.
दोन वर्षं हाच फॉर्म भरतोय आम्ही,
किती म्हाताऱ्यांना नऊ प्रश्न विचारून
दहापैकी गुण दिले.
कुणाच्याच लक्षात आलं नाही,
आमच्यापैकी कुणाच्या,
ज्यांना वार माहीत असतो.

सकाळी शैला मुगाची खिचडी घेऊन आली.
तुम्ही कोणाच्या? त्यांनी विचारलं,
आणि बसायला जागा करून दिली
मोडक्या पायाने, जमेल तेवढी.
ती बसली. तुमचीच, म्हणाली.
डॉक्टरांना मी फॉर्म दाखवला.
ते हसले, छपाईची चूक, म्हणाले,
आणि केसपेपरवर आदल्या दिवसाखाली
तेच लिहिलं: वेळेचं, जागेचं भान नाही.

ड्युटी संपली.
गेटावर वॉचमनने रोजच्यासारखी मान हलवली.
मी उगाचच थांबले,
पर्स उघडून त्याच्यासमोर धरली.
तो गोंधळला.
जा ना सिस्टर, म्हणाला,
काही राहिलं का?