नकाशावरचा हात

खौहेलोने टेबलावर नकाशा पसरला
आणि चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवली:
मिठाची बरणी, पंधरा नंबरचा पान्हा,
तिच्या धाकट्याचा एक बूट,
आणि माझा हात.
"काढू नकोस," म्हणाली, "लगेच गुंडाळतो हा."
म्हणून सगळं ठरेपर्यंत मी तशीच बसले,
मोखोत्लोंगचा सगळा मुलूख तळव्याखाली झाकून.

नकाशा जुना, शाळेने निकालात काढलेला.
घड्यांवर चिकटपट्टी, चिकटपट्टीखाली नद्या.

मासेरूत तिचं सायकलदुरुस्तीचं दुकान.
दरवर्षी परदेशी पोरं येतात, धुळीने माखलेली,
चेन सैल, ओठ फुटलेले,
आणि आमच्याच घाटांची नावं आम्हाला सांगतात,
कुठला किती उंच, कुठे किती टक्के चढ.
आम्ही या डोंगरांत काय केलंय आजवर?
मिनीबसच्या खिडकीतून ओकलोय.
तेवढीच आमची ओळख.

"या वर्षी आपण," ती मार्चमध्ये म्हणाली होती.
मी बेचाळीस, ती शेहेचाळीस.
शेजारणीने ऐकलं आणि पदराशिवायच तोंड झाकलं.

या देशाला सपाट अंग नाही.
तळ म्हणावा तर तोही चौदाशे मीटरवर.
पहिलाच मोठा घाट, त्याचं नाव मोलिमो-न्थुसे,
म्हणजे देवा, धाव.
"म्हणजे पूर्वीही कुणीतरी
इथे खाली उतरून ढकलत नेलंय," खौहेलो म्हणाली
आणि समासात लिहिलं: ढकलणे, लाज नाही.

मग सामानावरून वाजलं.
ती म्हणे जाकीट घे, मुठीत मावतं.
मी म्हणाले, कांबळंच घेणार.
दीड किलो!
असू दे दीड किलो.
कांबळ्याशिवाय वर गेले तर
गुराखी पोरं मलाही परदेशीच समजतील,
गोळ्या मागतील.

टायर चार. ट्यूबा सहा.
मक्याचं पीठ वाटेत मिळेल. साखर मिळेलच असं नाही.
सप्टेंबरात निघायचं, पीचला फुलं आलेली असतात
आणि बर्फाचं मन अजून ठरलेलं नसतं.

न्ताते लेत्लात्सा चहाच्या वेळी आले.
सव्वीस वर्षं याच रस्त्यावर टॅक्सी चालवली त्यांनी.
किलोमीटर त्यांना सांगून उपयोग नाही.
"इथे ब्रेक तापतात," ते म्हणाले, बोट सरकवत,
"इथे तापतात, आणि इथे वासच येतो.
हा पूल गेला. ही वस्ती आहे, पण दुकान बंद.
दुकानवालीला उठवा. उठते ती. शिव्या देते, पण उठते."
खौहेलो भराभरा लिहीत होती.
दिवस पहिला, दुसरा, थाबा-त्सेकाला विसावा,
पुढे खडीचा रस्ता, चौथा, पाचवा.

बोट माझ्या हाताशी येऊन थांबलं.
"हात काढ, बाई."

मी काढला.
कोपरा हलकेच वर आला, वळला, नळीसारखा झाला.
त्यांनी तो दोन बोटांनी परत उलगडला.

सेंकू नदीच्या काठी बारीक अक्षरं.
माझं आजोळ.
तळव्याच्या घामाने पुसट झालं होतं थोडं,
पण वाचता येत होतं.

"रस्ता आता वरून जातो," ते म्हणाले, "नवा, चांगला.
धरणाने बांधून दिलाय."
"आणि हा जुना?"
"हाही आहे. उतरतो तसाच.
मागच्या महिन्यात गेलो तेव्हा शेवटचं वळण दिसत होतं.
खांबही दिसत होते, तारा नसलेले.
मग पाणी."
त्यांनी चहा बशीत ओतला.
"किती चढलंय सध्या, सांगता येत नाही."

कुणी काही बोललं नाही.
आत धाकटा दुसरा बूट शोधत
एका पायावर लंगडत होता.

खौहेलोने पेन्सिलीला टोक केलं.
नव्या रस्त्यावरून रेघ ओढत आणली,
फाट्यापाशी जरा थांबवली,
आणि मला न विचारताच जुन्या उतारावर वळवली,
अक्षरांच्या अगदी अलीकडेपर्यंत.
दिवस सहावा, तिने लिहिलं.
पुढे मुक्कामाची जागा कोरी.

मग सामानाचं पान उघडून, मान वर न करता:
"ब्रेकचे रबर किती जोड घ्यायचे?"

"दोन," मी म्हणाले.

"नाही. तीन घे."