हळू, बाबा झोपलेत

आमची शाळा पावणेनऊला भरते.
मुकुंद रात्रपाळीहून येतो, बूट हातात घेऊन जिना चढतो,
वरचं दार लोटून घेतो, त्यानंतर.
घंटा नाही. प्रार्थना नाही.
किटलीची शिट्टी व्हायच्या आत शाल्मली ती उचलते
आणि सातचा पाढा सुरू होतो, ओठांतल्या ओठांत.
मोरकॅममधल्या या घराच्या भिंती इतक्या पातळ
की शेजारी डोरीनबाई शिंकल्या
तर इकडून ‘ब्लेस यू’ म्हणावं लागतं.

टेबलाच्या एका टोकाला गणित, दुसऱ्याला कणीक.
पावकी-निमकी माझ्या वडिलांना तोंडपाठ होती, मला नाही.
मी अपूर्णांक पोळीवर शिकवते.
निषादनं पाव खाल्ली, मग निम्मी,
मग उरलेली पाव, पडताळा म्हणून.

सांगलीहून आत्या विचारते,
काढलंत का शाळेतून? नापास झाला का?
नाही हो. तो दोन वर्षं तिथे बोलला नाही.
एक शब्द नाही.
वाढदिवसाला सगळा वर्ग त्याच्यासाठी गायला
आणि हा बुटांच्या नाड्या बघत बसला.
शाळा वाईट नव्हती. तिनं रंगीत तक्ते केले,
हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची कार्डं केली, धीर धरा म्हणाली.
आम्ही धरला. मग सुटला.
घरी आणलं, तर घरात आधीच सगळे कुजबुजत होते.
त्याच्या आवाजाला जागा आयती मिळाली.
याला शिक्षणशास्त्र म्हणू नका,
ही हॉस्पिटलची ड्यूटी आहे.

कौन्सिलच्या मिसेस ऑग्डेन आल्या, ओल्या छत्रीसकट.
वेळापत्रक कुठाय, म्हणाल्या.
मी फ्रिजकडे बोट केलं.
ते भरती-ओहोटीचं कोष्टक होतं.
त्यांनी चष्मा पुसला आणि बरंच काही लिहून घेतलं.
मित्र आहेत का याला?
निषादनं हळूच तीन नावं सांगितली.
तिसरं डोरीनबाईंच्या कुत्र्याचं होतं.
तेही त्यांनी लिहिलं. मी दुरुस्त केलं नाही.

सगळे दिवस असे नसतात.
नोव्हेंबरात चारला अंधार पडतो, खिडक्या घामेजतात,
भागाकार येत नाही आणि मी रागावते, कुजबुजत.
कुजबुजत रागावलेली बाई कशी दिसते
ते मला मुलांच्या तोंडावर दिसलं एकदा.
त्या दिवशी शाळा सोडून दिली. रेवड्या खाल्ल्या.

आणि शाल्मली. बारा वर्षांची.
भांडी पुसता पुसता म्हणाली,
आई, मला मैदानावर कुणावर तरी ओरडायचंय.
मोठ्यानं. माझ्याएवढ्याच कुणावर तरी.
एवढंच कारण. मला कितीतरी वेळ उत्तर सुचलं नाही.

मागच्या गुरुवारी ओहोटीला वाळूवर गेलो.
पाणी क्षितिजाजवळ, चांदीच्या वर्खासारखं,
पण कोष्टक म्हणत होतं, वळलंय.
बिस्किट तिकडेच धावत सुटलं, कान उडवत.
डोरीनबाईंचे गुडघे गेलेले, मी मफलरमध्ये अडकलेली,
आणि कुणीतरी हाक मारली,
बिस्किट!
इतकी मोठी की बगळे उठले.
मी वळून बघितलं, कुणाचा मुलगा म्हणून.

कुत्रं आलं नाही. ते कुणाचंच ऐकत नाही.
आपल्या मर्जीनं आलं, दहा मिनिटांनी, चिखलानं भरून.
निषाद परतताना पूर्ण रस्ता बोलत होता,
दाराशी मात्र आपणहून आवाज उतरवला.
मुकुंद जागा झाला होता. चहा घेत म्हणाला,
काय शिकलात आज?
काही नाही, म्हणाला निषाद, सवयीनं, हळू.

मी शाल्मलीचा ब्लेझर घेऊन बसले आहे.
जुन्या कपड्यांच्या दुकानातला, कोपरांशी जरा चकाकलेला.
आत दुसऱ्याच मुलीचं नाव शिवलंय.
एकेक टाका उसवते.
सप्टेंबरपासून सातचा पाढा
एकाच आवाजात होईल.
केवढ्या, ते अजून ठरलेलं नाही.