बत्तीस ग्रॅम

नर्मदेचं पाणी आज आलंय, म्हणजे उद्या नाही.
म्हणजे आजच.
गच्चीवर भट्टी लावली, मोठं पातेलं चढवलं,
आणि मग कळलं, मॅग्नम येणार नाही.
कुरिअरवाला म्हणाला, मॅडम, पार्सल भोपालमें अटका है.
भोपाळात अडकायला कारण लागत नाही.

लोकमान्य नगरात या वासाची सवय नाही कुणाला.
शेजारच्या मुंगीबाईंना सांगून ठेवलंय,
सातूचं सत्त्व काढते.
खोटं कुठे आहे?

कडूला काय तोटा, असं मलाही वाटायचं.
गेल्या वर्षी सियागंजात जाऊन चिराईत मागितलं.
पुडी बांधता बांधता दुकानदार म्हणाला, बुखार किसको है?
कुणाला नाही, म्हटलं.
मग त्यानं जास्तच काळजीनं पाहिलं.
त्या बीअरचा एक घोट घेऊन झोकरकर गप्प बसले,
बऱ्याच वेळानं म्हणाले,
वत्सलाबाई, ताप उतरला.
वीस लिटर मोरीत.

चिराईत जिभेला धरून बसतं.
पाडव्याचा कडुनिंब घशात उतरून भांडतो.
मेथी तर कडू नाहीच, नुसती रुसलेली.
हॉप्सचं कडू येतं, गोडाला जरा सरकायला सांगतं
आणि निघून जातं,
दार न आपटता.

फ्रीझरमध्ये, मटारच्या पिशवीखाली,
झोकरकरांचं पाकीट होतं. मला माहीत होतं की आहे.
नॉर्दर्न ब्रूअर. तिरक्या अक्षरात अल्फा ९.२,
आणि तारीख, दोन वर्षांपूर्वीची.
ते गेले त्याला सात महिने.

वीस गुणिले बारा, भागिले नऊ पूर्णांक दोन.
सव्वीस ग्रॅम.
पण हे झालं पाकिटावरचं.
आतलं तेज किती उतरलं ते पाकीट सांगत नाही.
पीठमपूरच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं मी दुसरं काय केलं?
औषध तारखेआधी किती मरतं, एवढंच मोजलं.

फोडलं. हुंगलं. जुन्या चीजचा वास, थोडासाच.
घाबरायचं नाही.
तासभर उकळल्यावर वास कुणाचाच उरत नाही,
कुठल्या देशाची वेल, कुणी आणली, कुणासाठी.
कडू तेवढं राहतं.
म्हणून तर पहिल्या हॉप्सना बदली चालते,
शेवटच्या पाच मिनिटांच्यांना नाही.
हे झोकरकरांनीच शिकवलेलं,
हवेत बोटानं घड्याळ काढून.

साडेसात धरले.
बत्तीस ग्रॅम.
फेस काठापर्यंत आला, पळीनं दाबला, पुन्हा आला.
खालून हे ओरडले, नळ जायची वेळ झाली,
बादल्या भरू का?
भरा, म्हटलं. सगळ्या भरा.

वहीत लिहिलं: मॅग्नम नव्हतं. त्याऐवजी झोकरकरांचं.
मग झोकरकर खोडून नॉर्दर्न ब्रूअर लिहिलं.
खोडलेलं वाचता येतंय.

पाकिटात अकरा ग्रॅम उरले.
अकरा ग्रॅमचं काही होत नाही.
हवा दाबून काढली, तोंड दोनदा दुमडलं,
मटारखाली ठेवलं परत.