रिव्हर्स

तीन वर्षं गेथिन ही गाडी उतारावरच लावायचा,
मागे घ्यायची वेळच येऊ नये म्हणून.
अख्खं कार्डिगन हे ओळखून होतं.

शनिवारी सीटा काढल्या, मधलं झाकण उचकटलं.
या ट्रायम्फचा गिअरबॉक्स खालून निघत नाही,
माणसासारखा दारातून बाहेर येतो.
टॉर्च दातांत धरून
तो वेल्शमध्ये पुटपुटत होता,
मला कळू नये अशा बेतानं.
बत्तीस वर्षांच्या संसारात
शिव्या तेवढ्या मला येतात.

आत एका चाकाचे दोन दात तुटलेले.
नवं चाक कोव्हेंट्रीहून आलं, मार्चमधल्या वर्तमानपत्रात गुंडाळून.

बसवताना मात्र अडलं.
शाफ्ट क्लचच्या तोंडाशी येई
आणि आत जाईना.
तो रेटत होता. मी मागे पालथी,
कोपराखाली थंड पत्रा.
"रेटू नकोस. गिअरमध्ये टाक, थांब."
मागची फ्लँज बोटभर फिरवली,
मग अजून थोडी.
सगळं वजन आपसूक पुढे सरकलं.

संध्याकाळी बाकावर एक वॉशर उरला.
मी बघत नाही असं समजून
त्यानं तो खिशात टाकला.

मग सपाट अंगणात
गाडी वीतभर मागे.
थांबला.
पुन्हा वीतभर.
कुंपणापलीकडची मेंढरं
चरायचं सोडून बघत राहिली.