पाच गुणांसाठी

रुवैसला पहाटे चार वाजता
समुद्राचं पाणी आत ओढणाऱ्या जाळीवर
एक समुद्रगाय येऊन अडकली.
मेलेलीच होती, बहुधा दोन दिवसांची.
सुलेमान म्हणाला, बकर अल-बहर,
आणि त्याने हेल्मेट काढून काखेत धरलं.
मी लॉगबुकात लिहिलं:
अडथळा, एक. पंप तीन बंद, बावीस मिनिटं.

तेवढ्यात शाल्मलीचा मेसेज. वेंगुर्ल्यात साडेपाच.
बाबा, उत्क्रांतीचे पुरावे, पाच गुणांना,
गाइडचं नेमकं तेच पान फाटलंय.
मी उत्तर दिलं: आधी चहा घे.

उजाडता उजाडता डॉक्टर हेस्सा आल्या,
गमबूट, मोजपट्टी, सुऱ्यांची पेटी.
वल्ह्यासारखा तो पर त्यांनी उभा चिरला
तर आत पाच बोटं.
पेरं होती. मनगट होतं. वर कोपरही.
मी माझा रबरी हातमोजा काढला
आणि कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने
एकदा मूठ मिटून उघडली.

मग मागे, शेपटीच्या वर, मांसात खोल
पेन्सिलीएवढी दोन हाडं.
ही कंबर, त्या म्हणाल्या. पाय गेले,
कंबर जायची राहिली.

ही देवमाशाची कोण? कुरियनने विचारलं.
कुणीच नाही. हत्तीची आहे.
बघ, आचळ कुठे आहे, काखेशी, हत्तिणीसारखं.
देवमाशासारखी दिसते ती पाण्यामुळे.
पाणी सगळ्यांना एकाच साच्यात दाबतं:
मुशी, डॉल्फिन, ही.
सोयरीक नाही, नुसता शेजार.

कुरियन हसला. म्हणजे आपला कॅम्प.
मी कोट्टयमचा, हा कोकणातला, तो सोहारचा,
पण निळ्या डांगरीत मागून पाहिलं तर
आमच्या बायकाही चुकतील.

हत्ती म्हटल्यावर मला मागचा हिवाळा आठवला.
सुलेमानच्या गाडीतून आम्ही वाळवंटात आत गेलो होतो,
मुलैसाला. खडकावर उथळ खळगे,
बशीएवढे, परातीएवढे, रांगेने.
इथे नदी होती, चिखल होता,
सत्तर लाख वर्षांपूर्वी एक कळप इथून चालत गेला.
एक नर मात्र वेगळ्याच दिशेने, एकटा.
सुलेमानने त्या एकट्याच्या पावलात
पाण्याची बाटली टेकवून ठेवली होती.

जाताना मी डॉक्टरीणबाईंना विचारलं,
आता? अजूनही चालू आहे का हे सगळं?
त्यांनी खाडीकडे हनुवटी केली.
खालचं प्रवाळ ऑगस्टात पस्तीस अंशांचं पाणी सोसतं,
दुसरीकडचं इथे आणलं तर आठवड्यात पांढरं पडेल.
ज्यांना सोसलं नाही त्यांची पिल्लं नाहीत.
एवढंच. यात कुणाचं शहाणपण नाही.
आणि हेही फार काळ पुरेल असं नाही.

क्रेनने समुद्रगाय ट्रकमध्ये ठेवली.
मी जाळी धुतली. पंप तीन चालू केला.
मग अंगठ्याने लिहीत गेलो:
पाच बोटं, पेरं, पाय नसलेली कंबर,
काखेतलं आचळ, खडकातली पावलं, प्रवाळ.
लांबच लांब. दोनदा पाठवावं लागलं.

शाल्मलीचं उत्तर आलं:
बाबा, हे पुस्तकात नाहीये. मॅडम मार्क कापतील.
मी आपलं आंत्रपुच्छ, अक्कलदाढ
आणि माकडहाड लिहिते. चालेल?

बारावा तास संपत आला होता.
लोखंडी स्टुलावर, त्याच हाडावर
बसल्या जागी जरासा सरकलो
आणि लिहिलं: चालेल.